गाडीत पाणी घ्यायचं नाही

आमच्या जीपमध्ये सगळं असायचं. स्टेपनी, जॅक, दोरखंड, फावडं, कुऱ्हाड, डिझेलचा जादा कॅन आणि रेडिएटरसाठी पाण्याचा डबा. त्या डब्यातल्या पाण्यात बाबा मुद्दाम हिरवं कूलंट कालवून ठेवत, म्हणजे कुणी चोरून प्यायला नको. इंजिनाची सोय होती, माणसांची नव्हती. गाडीत पिण्याचं पाणी घ्यायचं नाही, हा बाबांचा नियम होता, आणि तो ऐन मे महिन्यासाठीच केलेला होता.

बाबांची नोकरी सरकारी खात्यात होती. गावोगावच्या विहिरींत टेप सोडायचा आणि पाणी किती खाली गेलंय ते बघायचं, हे त्यांचं काम. जन्मभर दुसऱ्यांच्या विहिरीत वाकून बघितल्यामुळे असेल, त्यांना स्वतःच्या पाण्याचा नाद लागला. खात्याने मोडीत काढलेली एक जीप त्यांनी लिलावात घेतली आणि सुट्टी मिळेल तेव्हा ती डोंगरात घालायला सुरुवात केली. कन्नडच्या पुढं जी डोंगराची रांग अजिंठ्याकडं जाते, तिच्यात उन्हाळ्यात बघण्यासारखं काही नसतं. साग उघडे पडलेले, गवत जळून गेलेलं, दगड इतका तापलेला की चपलेतून चटका बसतो. अशा जागी कुठंतरी घळीत एखादा झरा वर्षभर जिवंत असतो. त्याच्याभोवती उंबर असतो, जांभळं असतात, आणि चहूकडं सगळं तपकिरी असताना तेवढीच जागा हिरवीगार असते. असे झरे शोधायचे, हा बाबांचा छंद. कुठल्याही नकाशात नसलेलं पाणी त्यांना हवं असायचं.

ते वाट कुणालाच विचारत नसत. गुराखी समोर बसलेला असला तरी त्याला रामराम घालून पुढं जायचे. "विचारून गेलो तर मग मी काय केलं?" असं म्हणायचे. त्यांची रीत वेगळी होती. डोंगराच्या पायथ्याला इंजिन बंद करायचं, आम्हाला गप्प बसवायचं आणि होले पक्षी कुठं उडतायत ते बघत राहायचं. पाण्याकडं जाणारा होला सरळ रेषेत उडतो. नाहीतर मधमाश्यांचा माग धरायचा. गुरांच्या पायवाटा जिथं एकमेकींत मिसळत जातात तिकडं तोंड करायचं. मग जीप नाल्यात उतरायची. खालून दगड आपटायचे, दोन्ही बाजूंनी काटेरी फांद्या हातावर ओरखडे काढायच्या, आणि नाला संपला की तिथून पुढं पायी.

पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले तेव्हा मी शाळेत होते. नालासुद्धा संपला होता, माझी जीभ टाळूला चिकटली होती आणि मला रडायचं होतं, पण रडायलाही ओल उरलेली नव्हती. एका वळणावर एकाएकी गार वारा लागला. पाणी दिसायच्या आधी त्याचा गारवा लागतो हे मला तेव्हा कळलं. पुढं खडकाच्या पोटात आमच्या स्वयंपाकघराएवढं कुंड होतं, तळाचा खडा दिसेल इतकं स्वच्छ. बाबा पालथे पडून आधी प्यायले, मग उठून मला म्हणाले, "आता पी. आता समजंल तुला पाणी काय असतं." मी प्यायले. तसं पाणी मी पुन्हा कधी प्यायले नाही. त्या क्षणी बाबांवर माझा जितका जीव जडला तितका त्याआधी नव्हता आणि नंतरही नाही. त्यांचा नियम बरोबर आहे असं मला किती तरी वर्षं वाटत होतं ते त्या एका घोटामुळं.

नियमाचा दुसरा भाग मला मोठेपणी कळला. तहान सगळ्यांनाच लागते, त्याबद्दल बाबांची तक्रार नव्हती. त्यांना बघायचं असायचं की पहिल्यांदा पाणी कोण मागतो. मागितलं की ते कानाला हात लावायचे आणि म्हणायचे, "ऐकू नाय आलं. जरा मोठ्यानं." मग मागणाऱ्याला सगळ्यांसमोर पुन्हा, मोठ्यानं मागावं लागे. आणि मागूनही पाणी मिळत नसे, कारण गाडीत ते नसायचंच.

सगळ्यात आधी हे आईच्या वाट्याला आलं होतं. लग्नाला फार दिवस झाले नव्हते, थोरली ताई पोटात होती, सातवा महिना होता. ऑफिसच्या जीपमधून देवदर्शनाला नेतो म्हणून बाबांनी तिला नेलं आणि वाटेत एका झऱ्याकडं गाडी वळवली. ड्रायव्हर होता, ऑफिसातले दोघं होते. आईनं हळूच पाणी मागितलं. बाबा म्हणाले, ऐकू नाय आलं. त्या परक्या पुरुषांसमोर आई मोठ्यानं म्हणाली, "मला पाणी पाहिजे." ही गोष्ट बाबा ताईच्या बारशाला सांगत होते, तिच्या लग्नात सांगत होते, घरभरणीला सांगत होते. आईचा आवाज काढून, पोटावर हात धरून ते सांगायचे. लोक हसायचे. आई त्या वेळी चहा टाकायला आत जायची, चहा आधीच झालेला असला तरी.

मग जावयांचं पाणी जोखायची वेळ आली. लग्न ठरायच्या आधी बाबा मुलाला जीपमध्ये घालून डोंगरात नेत. थोरले जावई बिचारे बँकेतले, सावलीतले. ते कन्नडच्या अलीकडंच गारद झाले. बाबांनी मोठ्यानं मागायला लावलं, हसले आणि लग्नाला होकार दिला. नापास झालेला जावई हाताखाली राहतो, असा त्यांचा हिशेब असावा. पुढं प्रत्येक दिवाळीला थोरले जावई उंबऱ्यात पाय ठेवायचे आणि बाबा स्वतः तांब्याभांडं घेऊन पुढं व्हायचे. "घ्या, आधी पाणी घ्या. तुम्हाला दम निघायचा नाय." आल्यागेल्याला पाणी देणं ही आपल्याकडची साधी रीत. तीच रीत बाबांनी असली करून ठेवली. काही वर्षांनी थोरल्या जावयांनी यायचं बंद केलं. ताई एकटीच येते आणि त्यांना सुट्टी मिळाली नाही असं सांगते.

धाकटे जावई मात्र वस्ताद निघाले. त्यांनी पाणी मागितलंच नाही. एका वस्तीजवळ जीप थांबली तेव्हा ते उतरले, गुरांच्या हौदावर गेले आणि बैलाच्या तोंडाशेजारी तोंड लावून प्यायले. बाबांनी त्यांना मिठीच मारली. नंतर त्यांना कावीळ झाली आणि ते घाटी दवाखान्यात पडून होते, तेव्हा बाबा रोज मोसंब्या घेऊन जायचे आणि शेजारच्या पेशंटांनाही हौदाची गोष्ट सांगायचे. माणूस पिवळा पडला होता आणि बाबांचा चेहरा आनंदानं फुलला होता.

राहता राहिले मी, मधली. माझं लग्न लांबत गेलं, त्याला बाबांचा नियम कारण नव्हता, माझा स्वभाव होता. मी शेंद्र्याला एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. तिथं मशिनरीच्या देखभालीत एक जण होता, लासूर स्टेशनचा. घरी धान्याची आडत, पण त्याचं मन त्यात रमलं नाही. बोलायला हळू, कामाला चोख. आम्ही कँटीनमध्ये एकाच टेबलावर जेवत होतो आणि एक दिवस लक्षात आलं की दुसऱ्या टेबलावर बसायची माझी इच्छाच गेली आहे. त्याचं मुतखड्याचं ऑपरेशन झालेलं होतं, एक किडनी जवळजवळ कामातून गेलेली. पाण्याची बाटली त्याच्या हाताला कायम असायची. पळून जाऊन, कोर्टात सह्या करून लग्न करायचं नाही, हे त्यानं सुरुवातीलाच सांगितलं होतं. त्याची आई विधवा होती आणि तिला एकुलत्या एका मुलाचं लग्न मांडवात बघायचं होतं. म्हणजे बाबांचा होकार लागणार होता. बाबा म्हणाले, "आणा की पाव्हण्यांना. एक चक्कर मारून आणू."

मी बाबांना किडनीचं सांगितलं. ते म्हणाले, "खडा काढला ना? मग आता काय राह्यलं?" त्यालाही मी कँटीनमध्ये सगळं सांगितलं, नियम काय, थोरल्यांचं काय झालं, धाकट्यांचं काय झालं. तो हसला. "मग मागीन की. तहान लागली तर मागायला लाज कसली?" हे इतकं सरळ उत्तर आमच्या घरात कुणाला सुचलेलंच नव्हतं. त्याच्याशीच लग्न करायचं हे माझं तेव्हा पक्कं झालं.

निघायच्या दिवशी सकाळी आईनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली पाण्याची बाटली माझ्या पिशवीत ओढणीखाली ठेवली आणि म्हणाली, "त्याला दे. ह्यांना दिसू देऊ नको." तिचा चेहरा अगदी शांत होता. मला वाटलं, होणाऱ्या जावयाची काळजी.

आम्ही लासूर स्टेशनला त्याला घेतलं आणि देवगाव रंगारीच्या रस्त्याला लागलो. बाबांचा नियम म्हणून तो त्याची बाटली घरीच ठेवून आला होता. बाबा गाडी चालवत होते, तो त्यांच्या शेजारी, मी मागं. ऊन चढत होतं. दोघांच्या गप्पा चांगल्या चालल्या होत्या, जीपच्या गिअरबॉक्सबद्दल, आणि मला वाटायला लागलं होतं की जमतंय. देवगावच्या अलीकडं तो म्हणाला, "काका, पाणी प्यायचंय. कुठं थांबता येईल?"

बाबांनी कानाला हात लावला. "ऐकू नाय आलं. जरा मोठ्यानं."

"पाणी प्यायचंय म्हणलं, काका," तो मोठ्यानं म्हणाला. आवाजात राग नव्हता, ओशाळलेपणही नव्हतं. "डॉक्टरनं सांगितलंय, थोड्या थोड्या वेळानं प्यावं लागतं."

बाबांचा विरस झाला. मोठ्यानं मागूनही माणूस लाजला नाही, तर त्यांना त्यात काय गंमत? "हाय ना पुढं," ते म्हणाले. "असलं पाणी पाजतो की याद राह्यली पाह्यजे." आणि देवगावात जीप शिरली तेव्हा रस्त्यालगतच्या रसवंतीसमोर त्यांनी गाडी मुद्दाम हळू केली. चरकाची घुंगरं वाजत होती, माणसं बाकावर बसून बर्फ घातलेला रस पीत होती. मी म्हणाले, बाबा, थांबवा. त्यांनी गिअर टाकला आणि रसवंती मागं पडली.

मी बाटली काढली आणि उघडउघड त्याच्या हातात दिली. बाबांनी आरशातून बघितलं. त्यानं झाकण काढलं आणि पिण्याआधी बाटली बाबांपुढं धरली. "काका, तुम्ही घ्या आधी."

"मला नाय लागत," बाबा म्हणाले.

तो अर्धी बाटली प्यायला आणि उरलेली त्यानं माझ्याकडं परत दिली. जीपनं कन्नड मागं टाकलं. मग बाबा आरशातून माझ्याशी बोलले, तो गाडीत बसलेलाच नाही अशा थाटात. "बाई, हे काय जमायचं नाय. ज्याला घरून निघताना बाटली लागती, त्याच्या जिवावर मी पोरगी देत नसतो. फिरायला आलेत, फिरवून आणू. संध्याकाळी सोडून देऊ घरी." त्याच सुरात त्यांनी पुढं रस्त्यावर आडव्या आलेल्या शेळ्यांना शिवी दिली. मी रडले नाही. पिशवीतली बाटली मी ओढणीसकट घट्ट धरून ठेवली.

बाबांना त्या दिवशी परत फिरता आलं असतं. पण आदल्या वर्षी त्यांनी एक नवीन झरा शोधला होता, तो अजून कुणाला दाखवला नव्हता, आणि नाकारलेल्या पाव्हण्यालासुद्धा तो दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं. जीप डांबरी सोडून कच्च्यात उतरली, कच्च्यातून नाल्यात. नाल्यातले धोंडे इतके मोठे होते की प्रत्येक धोंड्यावर गाडी एका अंगावर कलायची. बाबा स्टिअरिंगशी झटत होते आणि आनंदात होते. मला मान्य केलं पाहिजे, त्या माणसाच्या हाताखाली ती म्हातारी गाडी जिथं चढायची तिथं दुसरं कुणी चढवू शकलं नसतं. नाला अरुंद झाला तिथं आम्ही उतरलो आणि चालायला लागलो.

वळण आलं. मी गार वाऱ्याची वाट बघत होते. वारा लागला नाही.

उंबर होता, पानंही हिरवी होती. खाली कुंडाच्या जागी काळा चिखल होता आणि त्यावर मधमाश्या दाटीनं बसल्या होत्या. दोन वर्षं पावसानं दगा दिला होता. बाबांनी गुडघ्यावर बसून हातांनी चिखल उकरायला सुरुवात केली. झिरा पाडला की पाझर येतो, हे ते आम्हाला लहानपणापासून सांगत आले होते. हात कोपरापर्यंत गेला. खड्डा ओला राहिला, पण त्यात पाणी काही गोळा झालं नाही. मधमाश्या त्यांच्या हातांवर बसत होत्या.

"वर दुसरं हाय," ते उठून म्हणाले. "बसा हितं. मी बघून येतो."

तो म्हणाला, "काका, नका जाऊ, ऊन लई हाय." बाबा गेले. सकाळच्या चहानंतर त्यांनी घोटभर पाणी प्यायलं नव्हतं, वय सत्तरीच्या पुढं, आणि वरची चढण नुसत्या उघड्या दगडांची. आम्ही उंबराखाली बसून राहिलो.

ते परत आले तेव्हा डोक्यावरची टोपी नव्हती. पाय वाकडेतिकडे पडत होते आणि अंगावर घामाचा थेंब नव्हता. उंबराला पाठ टेकून ते बसले म्हणण्यापेक्षा घसरले. ओठांवर पांढरी साय धरली होती. त्यांनी आमच्याकडं बघितलं नाही. वर पाणी नव्हतं, हे सांगायची गरज नव्हती.

त्यानं माझ्या पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडलं आणि बाबांकडं वाकला. मी त्याच्या हातातून ती काढून घेतली.

"थांब," मी म्हणाले. "मागू दे त्यांना."

त्याला आधी वाटलं मी चेष्टा करतेय. मग त्यानं माझा चेहरा बघितला. "अगं, त्यांचं काही खरं नाय. दे."

"त्यांना माहितीय बाटली आहे. मागतील."

बाबांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत विनवणी नव्हती, ते मला जोखत होते, आणि मी नजर खाली घेतली नाही. शेवटी त्यांचे ओठ हलले. "पाणी दे."

मी कानाला हात लावला. "ऐकू नाय आलं," मी त्यांच्याच बोलीत म्हणाले. "जरा मोठ्यानं."

"काय करतीस तू हे," तो म्हणाला आणि उठून उभा राहिला. मी त्याच्याकडं बघितलं नाही. बाबांनी छातीत हवा भरली. "पाणी दे मला," ते ओरडले, आवाज मध्येच फाटला आणि त्यांना ढास लागली. मी बाटली त्यांच्या तोंडाला लावली. त्यांचे दात प्लास्टिकवर वाजत होते, पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर सांडत होतं. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या कुंडावर लहानपणी प्यायलेल्या पहिल्या घोटाइतकं बरं वाटलं.

थोड्या वेळानं बाबांच्या अंगात जीव आला आणि ते हसायला लागले. आधी हळू, मग पोट धरून. "पाव्हणं," ते त्याला म्हणाले, "बघितलं ना? बापालासुद्धा सोडलं नाय. थोरली आईवर गेली, धाकटी आत्यावर. ही माझी हाय." त्यांनी खिशातून जीपच्या किल्ल्या काढून माझ्या हातात दिल्या. जन्मात पहिल्यांदा दिल्या. परतीची गाडी मी चालवली. प्रत्येक धोंड्याला बाबा शेजारून सांगत होते, डावीकडं घे, सोड क्लच, शाबास. तो मागं बसला होता आणि खिडकीतून बाहेर बघत होता. कन्नडला आम्ही थांबलो, त्यानं तीन बाटल्या विकत आणल्या आणि एक बाबांच्या मांडीवर ठेवली.

लासूर स्टेशनला तो उतरला तेव्हा बाबांनी खिडकीतून हात बाहेर काढून त्याचा हात धरला. "घरच्यांना घेऊन या. माझ्याकडून पक्कं समजा. असली पोरगी तुम्हाला मी हिच्या भरवशावर देतोय, तुमच्या नाय." त्यानं नमस्कार केला. मी गाडी बंद करून त्याच्यामागं गेले. मला वाटत होतं त्याला हसू आवरत नसेल, एवढं सगळं होऊन होकार मिळाला होता.

धान्याच्या एका बंद दुकानाच्या पायरीजवळ तो थांबला. म्हणाला, "माझ्या आईला मी काहीतरी सांगतो. तू पण घरी सांग, नाय जमलं म्हणून."

"बाबा हो म्हणालेत," मी म्हणाले. "तू ऐकलं ना?"

"तुझ्या बाबांचं मला काही वाटलंच नव्हतं. त्यांच्याकडं मी रोज मागितलं असतं पाणी, मोठ्यानं."

"मी तुझ्यासाठी केलं ते. त्यांनी तुला रसवंतीसमोरून कसं नेलं, बघितलंस ना?"

"माझ्यासाठी नव्हतं ते. मी त्यांना पाजतच होतो." त्यानं हातातल्या बाटलीचं झाकण घट्ट केलं. "मला दिवसभर पाणी लागतं. पुढं आजारी पडलो तर दुसऱ्याच्या हातनं घ्यावं लागंल. तुझ्याकडं मला मागता येणार नाय."

मी त्याला पुष्कळ बोलले. भित्रा म्हणाले, बायकी म्हणाले, आडतवाल्याचं रक्त म्हणाले, जे तोंडाला येईल ते. तो ऐकून घेत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "ऊन लागलंय त्यांना, आज रात्री लिंबूसरबत द्या," आणि गेला. मी त्याच्यामागं गेले नाही. जीपमध्ये बाबा शीळ घालत बसले होते.

घरी पोचल्यावर बाबा सरळ आंघोळीला गेले. आई कणीक मळत होती. मी रिकामी बाटली ओट्यावर ठेवली आणि पाटावर बसले. आईनं ती बघितली. "त्याला दिली?"

"त्याला दिली. बाबांनाही दिली."

तिचे हात थांबले. "ह्यांना? मागितली ह्यांनी?"

मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "नेमकं काय म्हणाले? त्यांचे शब्द सांग." मी सांगितले. "आणि तू काय म्हणालीस? कानाला हात लावलास?" मी लावून दाखवला. आईनं पिठाच्या हातानं पदर तोंडाशी धरला आणि तिचं अंग गदगदा हलायला लागलं. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. "पुन्हा सांग," ती म्हणाली. मी पुन्हा सांगितलं. ती बाटली तिनं जावयासाठी नाही, स्वतःसाठी दिली होती, हे मला तेव्हा समजलं. माझ्या लग्नाचं काय झालं हे तिनं दुसऱ्या दिवशी विचारलं, भाजी निवडता निवडता, आणि ऐकून घेऊन पुढची जुडी घेतली.

त्याचं पुढं लग्न झालं. कँटीनमध्ये तो आता दुसऱ्या टेबलावर बसतो. बाटली असते. कधी कधी त्याची बायको कंपनीच्या गेटवर येते तेव्हा ती न मागता पिशवीतून पाणी काढून त्याला देते, हे मी लॅबच्या खिडकीतून बघितलेलं आहे. माझं लग्न झालं नाही. स्थळं आली, पण बाबा प्रत्येकाला उंबराखालची गोष्ट आधी सांगतात. अभिमानानं सांगतात, स्वतःचा फाटलेला आवाज काढून, मग माझा आवाज काढून. पाहुणे हसतात आणि पुन्हा येत नाहीत. आई आता त्या वेळी चहाला आत जात नाही. ती बसून शेवटपर्यंत ऐकते.

बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून जीप मी चालवते. मे महिन्यात आम्ही अजून डोंगरात जातो. त्यांच्या झऱ्यांतले बरेचसे आटले, काही आहेत, आणि मधमाश्या धरून मी स्वतः एक शोधला आहे, त्यांना न विचारता. आता आईसुद्धा येते, मागच्या सीटवर बसते. पाण्याची बाटली तिच्या मांडीवर असते, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली. कन्नड मागं पडलं की बाबांच्या घशाला कोरड पडायला लागते. आता ते पहिल्याच खेपेला मोठ्यानं मागतात, अगदी खणखणीत, बाजूनं जाणारा मोटारसायकलवाला वळून बघेल इतक्या मोठ्यानं.

मागून आई म्हणते, "ऐकू नाय आलं."